यादीत एकशे तीस, मॅपमध्ये एकशे एकोणतीस

१

रुग्णालयाच्या दप्तरात थोरलीला किडनी मिळाली होती. प्रत्यक्षात ती किडनी न मिळाल्यामुळेच मेली होती.

ही गंमत पहिल्यांदा दिसली ती नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईला. मेलेल्या माणसाचं नाव प्रतीक्षायादीतून काढायचं, एवढंच तिचं काम. तिने नाव शोधलं तर ते दोनदा सापडलं. एकदा अगदी वर, शेरा होता 'निकाली, किडनी मिळाली'. आणि एकदा पार तळाशी, एकशे अडतिसाव्या ओळीत, 'प्रतीक्षेत'. खिडकीवाली नाकासमोर चालणारी. तिने तडक जाऊन अधीक्षकांना सांगितलं, आणि तिथेच तिचं चुकलं. जो पहिल्यांदा बोलतो त्याच्याच डोक्यावर खापर फुटतं, हे तिला पंधरा वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं. चौथ्या दिवशी ती निलंबित झाली.

पाचव्या दिवशी अधीक्षकांनी यादीबाईंना बोलावलं.

यादीबाईंचं खरं नाव त्यांच्या पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच या रुग्णालयाच्या प्रतीक्षायादीचा प्रोग्राम लिहिला, तेव्हापासून हे नाव पडलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या तेव्हा एकही तक्रार उघडी ठेवली नव्हती. शेवटच्या दिवशी एका दुपारी एकशे चाळीस तक्रारी निकालात काढल्या, फडक्याने टेबल पुसलं आणि मगच त्या बाहेर पडल्या. ही गोष्ट त्या अजूनही भेटेल त्याला सांगत.

"प्रकरण सरळ आहे, बाई," अधीक्षक म्हणाले. "मरण पावलेल्या बाईंचा धाकटा भाऊ. दोघांनाही वडिलांकडून आलेला तोच आजार, रक्तगटही तोच. ती यादीत तिसरी, तो एक्केचाळिसावा. मार्चमध्ये खिडकीवरून भावाचा फोन नंबर बदलला गेला आणि बहिणीचा लावला गेला. तीन आठवड्यांनी किडनी आली ती भावाला. नंबर बदलण्याचा अर्ज सापडत नाही. म्हणजे खिडकीवालीने परस्पर केलं. शुक्रवारी समिती बसेल, नंतर पोलीस. तुम्ही फक्त तांत्रिक बाजू लिहून द्या."

"अर्ज का सापडत नाही?"

"जुने गठ्ठे तळघरात हलवले. तिथे पाणी शिरलं."

"म्हणजे अर्ज तुम्ही भिजवलात आणि तुरुंगात ती जाणार. चोर सोडून संन्याशाला फाशीच द्यायची होती तर मला कशाला बोलावलंत?"

अधीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. यादीबाई उठून संगणक विभागात गेल्या. त्यांची जुनी खुर्ची आता चष्मेवाल्याकडे होती. थोरली त्याच्या समोरच्याच टेबलावर बसत असे. नवे प्रोग्राम चालवून त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. टेबलावर अजून तिचा पाण्याचा तांब्या होता.

"मार्चमधल्या त्या दिवसाची प्रत काढा," बाई म्हणाल्या. "आधी नुसतं मोजा."

चष्मेवाल्याने मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"यादीत एकशे तीस माणसं," तो म्हणाला. "मॅपमध्ये एकशे एकोणतीस."

२

अधीक्षकांना समजावं म्हणून बाईंनी ते कागदावर काढून दाखवलं.

यादी म्हणजे रांग. जो आला तो मागे उभा राहिला. एकाच घरातली दहा माणसं आली तरी ती दहाच राहतात. मॅपची तऱ्हा वेगळी. इमारतीच्या जिन्याखाली टपालपेट्या असतात तसं ते. प्रत्येक पेटीवर एक खूण, आत एक माणूस. खूण सांगितली की माणूस लगेच सापडतो, रांग धुंडाळावी लागत नाही. रोज सकाळी प्रोग्राम यादीतली एकेक ओळ वाचून अशा पेट्या भरत असे, आणि पेटीवरची खूण म्हणजे माणसाचा फोन नंबर. किडनी आली की फोनच तर लावायचा असतो.

"आणि दोघांचा नंबर एकच असेल तर?"

"तर दुसऱ्यासाठी नवी पेटी होत नाही. पहिल्याला काढून दुसरा त्याच पेटीत बसतो. पेटी मात्र जागची हलत नाही. तिसरी होती ती तिसरीच राहते."

अधीक्षकांच्या कपाळावर आठी पडली. "म्हणजे धाकटा एक्केचाळिसाव्यावरून..."

"थेट तिसऱ्या जागेवर. बहिणीच्या. आणि शस्त्रक्रिया झाल्यावर प्रोग्रामने त्या नंबरच्या साऱ्या ओळी निकाली काढल्या. त्यात तीही निघाली."

"असा प्रोग्राम कोणी लिहिला?"

"मी," बाई म्हणाल्या. "एक फोन, एक माणूस, असं धरून चालले होते." हे त्या जरा तोऱ्यातच म्हणाल्या. चूक कबूल करण्यातही एक ऐट असते आणि ती बाईंना चांगली जमत असे. त्यांच्या मते चूक प्रोग्रामची होती, पाप दुसऱ्या कोणाचं तरी होतं.

खिडकीवाली त्यांना मागच्या जिन्यात भेटली. घरी दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं.

"अर्ज होता, बाई. फोन हरवला, बहिणीचा नंबर लावा, असं लिहिलेलं. खाली भावाची सही. कागद पाहिल्याशिवाय मी एक अक्षर बदलत नाही."

"कोणी आणून दिला?"

"मंगळवार होता, सकाळची वेळ. एवढं रजिस्टरमध्येच आहे. दिवसाला दीडशे माणसं येतात, सगळी मास्क लावून. तोंड कुठलं आठवायला? फक्त एक आठवतं, त्या माणसाने पोच मागितली. शिक्का मारून. मी म्हटलं, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. तर नको, कागदच हवा. खिडकी सोडेचना."

"आणि थोरलीचं दुसरं नाव? एकशे अडतिसाव्या ओळीतलं?"

खिडकीवालीने पदराने डोळे पुसले.

"तो अर्जही मीच घेतला. भावाला किडनी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी आली. नंबर ऑफिसचा दिला. मी म्हटलं, ताई, तुमचं नाव आधीच आहे ना वर? तर म्हणाली, होतं. आता शेवटी टाका."

३

म्हणजे थोरलीला कळलं होतं, आणि तरी ती गप्प राहिली.

यादीबाई थोरलीच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसल्या. मग चष्मेवाल्याकडे वळल्या.

"बढती तुम्हाला मिळाली, तिला नाही. खरं ना?"

"खरं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "लायक ती होती. पण आठवड्यातले तीन दिवस डायलिसिसच्या मशीनवर जाणाऱ्या बाईला कोण बढती देणार? तुम्हाला माझा संशय येतोय का?"

"आला होता. पण ज्याच्याकडे कोठाराची चावी आहे तो खिडकीतून हात घालत नाही. तुम्हाला यादी बदलायची असती तर अर्ज, सही, पोच, हा खटाटोप कशाला केला असता?"

"मग तिनेच केलं असेल," चष्मेवाला हळू आवाजात म्हणाला. "भावासाठी. नियमाने जागा दुसऱ्याला देता येत नाही. तिने अशी दिली असेल."

हे बाईंच्याही मनात आलं होतं. ऐकायला फार छान होतं, म्हणूनच त्यांना ते पटत नव्हतं. थोरलीचं पोटच चुका शोधण्यावर. आपण पेटीतून बाहेर पडणार हे ठाऊक असतं तर ती त्याच मंगळवारी ऑफिसचा नंबर देऊन पुन्हा रांगेत लागली असती. तीन आठवडे कशाला फुकट घालवले असते? किडनीसाठी फोन आला तो तिच्याच मोबाईलवर, आणि पलीकडून भावाचं नाव घेतलं गेलं. तोपर्यंत तिला काहीच माहीत नव्हतं.

थोरलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दार आईने उघडलं. बाईंच्याच वयाची, बारीक, ताठ. दाराशेजारी खुंट्यांची एक फळी होती आणि तिच्यावर पिशव्या, छत्री, शेवटच्या खुंटीला थोरलीचं ऑफिसचं ओळखपत्र. धाकटा आतून आला. त्याच्या गालांवर रंग होता. बाईंना तो पाहवेना.

"ताई गेली आणि मी असा ठणठणीत," तो आपणहूनच म्हणाला. "लोक बघतात ना, बाई, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं."

"मार्चमध्ये नंबर बदलायला तुम्ही गेला होता?"

"नंबर? नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळभर मी मशीनला जोडलेला असायचो. तेव्हा तर माझी शीरच सापडत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने निघणं कठीण."

फडताळावर एक मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. तो वाजला. धाकट्याने उठून घेतला, "नाही, ती आता नाही," एवढं बोलून ठेवला. "ताईचा," तो म्हणाला. "आई बंद करू देत नाही. मग मीच घेतो सगळे."

बाईंनी आईकडे पाहिलं. "तुम्ही तुमची किडनी..."

"मला साखर आहे. घेतली नाही कोणी," आई म्हणाली. "आता कशाला खोदताय? यादीत गोंधळ झाला, झाला. एका खुंटीला दोन पिशव्या लावल्या की पहिली खाली पडायचीच."

तिने चहाही विचारला नाही. बाई जिना उतरल्या. खालच्या वळणावर थांबून त्यांनी रजिस्टरमधून टिपून आणलेला धाकट्याचा जुना नंबर लावला. अर्जाप्रमाणे हा फोन मार्चमध्ये हरवला होता.

वरच्या मजल्यावर, त्याच दारामागे, तो वाजला.

४

परत येताना बाईंच्या मनात आईचं ते वाक्य घोळत होतं. जुन्या माणसांच्या बोलण्यात अशा म्हणी असतात, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं. आता ते टोचायला लागलं. मॅपबद्दल बाई त्या घरात चकार शब्द बोलल्या नव्हत्या. दोघांचा नंबर एक झाला, हेही सांगितलं नव्हतं. मग कुठली खुंटी आणि कुठल्या पिशव्या?

"थोरलीने या मॅपबद्दल कधी तक्रार नोंदवली होती का?" त्यांनी चष्मेवाल्याला विचारलं.

"उघड्या तक्रारींत नाही. मी या खुर्चीवर आलो तेव्हा तुम्ही पाटी कोरी करून गेला होतात."

"बंद झालेल्यांत बघा."

ती पाच मिनिटांत सापडली. दोन वर्षांपूर्वीची. तक्रार थोरलीची, अक्षर न् अक्षर तिचं.

'प्रतीक्षायादीचा मॅप फोन नंबरवर बांधला आहे. एका घरात पुष्कळदा एकच फोन असतो. खोटी नावं घालून तपासलं. दुसरा माणूस पहिल्याच्या जागी बसतो आणि पहिला नाहीसा होतो. आईला मी असं समजावलं की एका खुंटीला दोन पिशव्या लावल्या की पहिली खाली पडते. कृपया नोंदणी क्रमांकावर बांधावा.'

खाली शेरा होता. 'पाहिलं. प्रत्यक्षात असं घडणार नाही. बंद.'

"शेरा कोणाचा?" चष्मेवाल्याने विचारलं. मग त्याने शेऱ्याखालची तारीख पाहिली, आणि तो एकदम समोरच्या तांब्याकडे बघायला लागला.

तो बाईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. एकशे चाळिसांतली ही एक. टेबल पुसण्यापूर्वीची.

५

दुसऱ्या दिवशी धाकटा तपासणीला गेलेला असताना बाई पुन्हा तो जिना चढल्या. आईने दार उघडलं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहून बाजूला झाली.

"तरुण माणसं पोच मागत नाहीत," बाई म्हणाल्या. "कागदावर विश्वास आपल्याच पिढीचा. मंगळवारी सकाळी तो मशीनवर होता. थोरलीला किडनीचा फोन येईपर्यंत काही माहीत नव्हतं. आणि खुंटीची गोष्ट तिने तुम्हालाच सांगितली होती."

आईने नाकारलं नाही. डब्यांच्या मागून तिने घडी घातलेला एक कागद काढला. त्यावर शिक्का होता, तारीख होती, खिडकीवालीची सही होती.

"त्याची सही मीच केली. तो माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता," ती म्हणाली. "तिला डॉक्टर म्हणायचे, दोन वर्षं सहज काढेल. मला वाटलं, हा पुढे जाईल, ती एक पाऊल मागे सरेल. रांगेत असंच होतं ना, बाई? ती पुसली जाईल असं कुठे ठाऊक होतं?"

"पिशवी खाली पडते म्हणून तिने सांगितलं होतं."

"पडलेली उचलता येते," आई म्हणाली. "निदान मला तसं वाटलं."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

"तिला कळलं त्या संध्याकाळी तिने मला एवढंच विचारलं, आई, तू खिडकीवर गेली होतीस का? मी म्हटलं, नाही गं. ती म्हणाली, बरं. नंतर कधी विषय काढला नाही. चार महिन्यांनी ताप आला आणि गेली. आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाकडे रडू?"

"तिने तक्रार केली असती तर जागा परत मिळाली असती."

"आणि मी तुरुंगात गेले असते. ती कशी करेल?" आईने पहिल्यांदाच बाईंच्या डोळ्यांत डोळे घातले. "पण एक सांगते. ही खुंटीची गोष्ट ती एकदा सांगून विसरली असती. पण तुमचा शेरा आला ना, त्या दिवशी जेवताना तिने मोठ्याने वाचून दाखवला. प्रत्यक्षात असं घडणार नाही. केवढी हसली होती. म्हणाली, आई, यादीबाईंना माणसांची घरं माहीतच नाहीत. ते माझ्या डोक्यात राहिलं. तुम्ही म्हणालात घडणार नाही. मग मी घडवलं."

शिकलेल्या, हुशार, निर्दोष प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईंनी पोचेवरचा शिक्का पुन्हा वाचला.

"हा कागद मला लागेल," त्या शेवटी म्हणाल्या. "नाहीतर खिडकीवाली फुकट तुरुंगात जाईल. तिच्याही दोन मुली आहेत."

"न्या. मला काय व्हायचं ते होऊ दे." आईने त्यांचा हात धरला. "पण त्याला कळू देऊ नका. आपण बहिणीच्या जागेवर जगतोय, आणि ती जागा आईने काढून दिली, हे कळलं तर तो जगायचा नाही. मग दोघंही गेली म्हणून समजा."

"अहवाल बंद पाकिटात देते. त्याच्यापर्यंत जाणार नाही," बाई म्हणाल्या. "शब्द देते."

६

शुक्रवारी समितीपुढे पोच ठेवली गेली. शिक्का खरा निघाला. अर्ज आलाच नव्हता असं म्हणायला आता जागा नव्हती. अधीक्षकांनी काखा वर केल्या, तळघरातल्या पाण्याबद्दल दोन वाक्यं बोलले. खिडकीवालीचं निलंबन उठलं. अर्ज कोणी आणला हे पाकिटात होतं, आणि पुढे काय करायचं ते समिती ठरवणार होती. अहवालाची पहिली ओळ बाईंनी स्वतःबद्दल लिहिली होती. चूक माझी, मला दाखवून दिली होती, मी ती नीट न वाचता बंद केली. या वेळी त्यात ऐट नव्हती.

खिडकीवालीने जिन्यात त्यांना वाकून नमस्कार केला. बाईंनी पाय मागे घेतले.

मग त्या संगणक विभागात गेल्या. चष्मेवाल्याने न विचारता खुर्ची दिली. मॅप आता नोंदणी क्रमांकावर बांधला होता. एकशे तीस असले तर दोन्हीकडे एकशे तीसच येत होते. एवढं काम त्या शेवटच्या दुपारी तासाभरात झालं असतं.

एकच गोष्ट राहिली होती. बाईंनी थोरलीची तक्रार उघडली. 'बंद'च्या जागी 'पुन्हा उघडली' केलं. आपल्या जुन्या शेऱ्याखाली, 'प्रत्यक्षात असं घडणार नाही' याच्या खाली, त्यांनी एकच शब्द लिहिला. 'घडलं.' मेलेल्या पोरीची एवढी तरी मागणी मान्य करावी, असं त्यांना वाटलं. त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर एक ओळ उमटली. 'तक्रार आणि शेरा तक्रारदाराच्या मोबाईलवर पाठवला आहे.'

तक्रार पुन्हा उघडली की तक्रारदाराला कळवायचं, ही सोय बाईंनीच अकरा वर्षांपूर्वी केली होती. लोकांना फार आवडली होती. एक फोन, एक माणूस.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांना फडताळावरचा, चार्जिंगला लावलेला मोबाईल आठवला.

दोन मिनिटं गेली असतील नसतील. त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. नंबर थोरलीचा होता.

"बाई," पलीकडून धाकटा म्हणाला, "ताईच्या फोनवर काहीतरी आलंय. खुंटीला दोन पिशव्या, आईला समजावलं, आणि खाली तुमच्या नावाने 'घडलं'." मागे घरात आईचा आवाज येत होता, कोणाचा फोन म्हणून विचारत होती. "त्या दिवशी आईही हेच बोलली होती. काय घडलं, बाई?"